रात्री अकरा वाजता विरजण

बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या एका पोळमध्ये माझं लहानपण गेलं. पंधरा-सोळा घरं, समोरासमोर ओटे, आणि मधून जेमतेम एक स्कूटर जाईल एवढी वाट. कोणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि कोणाकडे काय चाललंय ते आवाजावरून. आमच्या समोर एक मावशी राहायच्या. शेवटून दुसऱ्या घरात रात्री आवाज चढला, भांडं आपटलं, की त्या हातात वाटी घेऊन निघायच्या. त्या घराची कडी वाजवायच्या, दार उघडेपर्यंत वाजवत राहायच्या आणि दार उघडलं की अगदी सहज म्हणायच्या, "विरजण आहे का गं थोडं? आमचं आज संपलंच बघ."

रात्रीचे अकरा वाजलेले असायचे. दारात नवरा, आत भिंतीला टेकलेली बायको. मावशी विरजण मिळालं म्हणून लगेच परतत नसत. पाणी मागायच्या. तिथेच उंबऱ्यावर बसायच्या, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या, उद्या नळाला पाणी किती वाजता येणार ते विचारायच्या. पंधरा-वीस मिनिटांनी निघताना त्या बाईला म्हणायच्या, "सकाळी वाटी न्यायला ये हं." सकाळी ती वाटी न्यायला आली की मावशींच्या स्वयंपाकघरात ती तासभर बसायची. आत काय बोलणं व्हायचं ते आम्हा मुलांना कधी कळलं नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना आईला विचारलं होतं, मावशींचंच विरजण सारखं कसं संपतं? आई काही बोलली नाही, नुसती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

बायकांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण कॅमेरे, पोलीस, कडक शिक्षा यांबद्दल बोलायला लागतो. या गोष्टी हव्यातच. पण मार बसतो त्या क्षणी सगळ्यात जवळ असतो तो शेजारी, आणि तो आज दार लावून आत बसला आहे. त्याला काही दिसत नाही असं मात्र नाही. कॉलेजातली मुलगी किती वाजता घरी आली, कोणाच्या मोटारसायकलवरून उतरली, हे त्याला नेमकं दिसतं. जिला त्या नजरेची गरज नाही तिच्यावर नजर आहे, आणि जिला गरज आहे तिच्या दाराकडे पाठ आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ही नजर फिरवायला हवी, आणि ते काम सरकारचं नसून आपल्या पोळचं, सोसायटीचं, मंडळाचं आहे.

हे मी अधिकाराने सांगत नाही. मांजलपूरच्या आमच्या इमारतीत आमच्याच मजल्यावर एक जोडपं राहायचं. रात्री दहानंतर त्यांच्याकडे मिक्सर सुरू व्हायचा. इतक्या रात्री रोज कसली चटणी वाटतात, असं पहिल्या आठवड्यात वाटलं. मिक्सरच्या आवाजाखाली दुसरा आवाज असतो हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. कळल्यावर मी टीव्हीचा आवाज वाढवला. मे महिन्यात, बडोद्याच्या त्या उन्हाळ्यात, ती मला लिफ्टमध्ये मनगटापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज घातलेली भेटली. म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. मी म्हणाले, "जपा हो." त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते. दिवाळीच्या आसपास ती माहेरी गेली, परत आली नाही, आणि तिचं पुढे काय झालं ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. ज्या मावशींच्या समोर मी वाढले, त्यांची वाटी माझ्या हातात एकदाही आली नाही.

त्याच काळात त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या मुलीबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा झाली होती. ती रात्री साडेदहाला येते, वॉचमनने वहीत वेळ लिहावी, तिच्या वडिलांच्या कानावर घालावं. घातलंही. दोघीतिघी जाऊन आल्या. म्हणजे दाराची बेल वाजवण्याचं धैर्य आमच्यात होतं. कोणत्या दाराची वाजवायची, ते आम्ही चुकीचं ठरवलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. गुजरातचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास, १४ टक्के. त्यावर समाधान मानणारे मला भेटले आहेत. आमच्या इमारतीत ३६ घरं आहेत. १४ टक्के म्हणजे त्यातली पाच. पाच दारं म्हटल्यावर कोणाला समाधान वाटेल? शिवाय प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी बाईला जेवढं सांगितलं गेलं, तेवढंच या आकड्यात आहे. त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी ती थांबावी म्हणून कोणाकडे तरी मदत मागितली. तीन-चतुर्थांशांहून अधिक जणींनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मागितली त्याही बहुतेक माहेरी गेल्या. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या.

बलात्काराच्या गुन्ह्यांचंही असंच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी हा त्या बाईच्या किंवा मुलीच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. आपण मात्र सगळा बंदोबस्त फाटकावर केला आहे. कॅमेरा बाहेर बघतो, वॉचमन बाहेर बघतो, कुलूप बाहेरच्यासाठी.

"पण आपण कोण मधे पडणार? उद्या आपल्यावरच केस झाली तर?" हे मी दर वेळी ऐकते आणि एके काळी स्वतःही म्हटलं आहे. याचं उत्तर कायद्यात वीस वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचं चौथं कलम सांगतं की अशी हिंसा घडली आहे, घडते आहे किंवा घडू शकते असं ज्याला सकारण वाटतं, अशी कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. ती बाई नात्यातली असण्याची अट नाही, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असण्याचीही अट नाही. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी शेजाऱ्याचा विचार केला होता. त्याच्या भीतीचासुद्धा केला होता. शेजाऱ्याने मात्र तो कायदा अजून उघडून पाहिलेला नाही.

गुजरातेत १८१ क्रमांकाची अभयम हेल्पलाइन आहे. २०१४ साली ती प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि ८ मार्च २०१५ पासून राज्यभर चालू आहे, चोवीस तास. फोन केला तर समुपदेशक बोलते आणि गरज असेल तर गाडी येते. गाडीत एक समुपदेशक आणि एक महिला पोलीस असते. शेजाऱ्याने फोन केला तरी चालतो. ही सोय आपल्याकडे इतकी वर्षं आहे, आणि तरी आमच्या सोसायटीच्या फलकावर प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅस एजन्सी आणि साप पकडणाऱ्यांचा नंबर होता, १८१ नव्हता.

आता थोडं आपल्या शहराबद्दल, कारण बडोद्याला या विषयात मागे राहण्याचा हक्कच नाही. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात बालविवाह रोखणारा कायदा १९०४ साली झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्यासाठीचा शारदा कायदा आला १९२९ साली. हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा बडोद्याने १९३१ मध्ये केला. देशभरातल्या हिंदू बायकांना तो हक्क मिळायला १९५५ उजाडलं. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ साली पुण्यात भरलं तेव्हा अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात "सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आहेत" अशा अर्थाची ओळ होती, ती "सर्व माणसं" अशी व्हावी म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसाबेन मेहता पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात माझ्या पिढीतल्या किती जणी बसून शिकल्या.

हे सगळं अभिमानाने सांगताना एक गोष्ट मला खटकते. आपला अभिमान राजवाड्यापासून सुरू होतो आणि तिथेच थांबतो. याच जिल्ह्यात १९९५ साली गावातल्या बायकांनी जे उभं केलं, ते आपल्या मराठी घरांत फारसं कोणाला ठाऊक नाही. शिक्षणातून बायकांना बळ द्यायचं म्हणून केंद्र सरकारने १९८९ साली तीन राज्यांत महिला समाख्या नावाचा कार्यक्रम सुरू केला होता, गुजरात त्यांपैकी एक. गावोगावी बायकांचे संघ झाले. संघात बसून बायका बोलायला लागल्या, तेव्हा पाणी आणि रेशन यांच्या पाठोपाठ मारहाणीचा विषय निघाला. त्यातूनच बडोदा जिल्ह्यात नारी अदालत सुरू झाली.

ती कशी चालायची ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तालुक्याच्या गावी, सरकारी कचेऱ्यांच्या आसपास, ठरलेल्या दिवशी या बायका उघड्यावर बसायच्या. त्यांच्यातल्या कित्येकींना जेमतेम लिहिता-वाचता यायचं. ज्या बाईची तक्रार असेल ती सगळ्यांसमोर बोलायची. मग नवऱ्याला, सासरच्यांना बोलावणं जायचं. मारहाण, टाकून देणं, पोटगी, लग्नात दिलेल्या वस्तू परत मिळवणं, अशी प्रकरणं यायची. ठरलं ते स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायचे. या अदालतीला कायद्याने कसलाच अधिकार नव्हता. तिचं बळ होतं ते दोन गोष्टींत. एक, जी गोष्ट चार भिंतींत दडपली जायची ती भर दिवसा तालुक्याच्या रस्त्यावर आली. दुसरी, प्रकरण "मिटलं" म्हणून फाइल बंद होत नसे. त्या गावातल्या संघाच्या बायका नंतर त्या घरी जात राहायच्या. आज कशी आहेस, जेवलीस का, हात उचलला का पुन्हा. मावशींच्या "सकाळी वाटी न्यायला ये" मध्ये आणि यात मला काही फरक दिसत नाही.

महिला समाख्याला मिळणारा केंद्राचा पैसा २०१६ मध्ये थांबला. अलीकडे महिलांसाठीच्या मिशन शक्ती योजनेखाली केंद्राने नारी अदालत हेच नाव पुन्हा घेतलं आहे, याचा आनंद आहे. पण एक इशारा बडोदा जिल्ह्यातल्या त्या अनुभवातूनच मिळतो. समाज मधे पडला की त्याचा पहिला ओढा समेटाकडे असतो. "झालं ते झालं, पोरांकडे बघ, संसार मोडू नकोस." समेट जिला हवा आहे तिच्यासाठी ठीकच आहे, पण तो तिच्यावर लादला तर आपण मारणाऱ्याच्या बाजूने उभे राहतो. म्हणून मधे पडणाऱ्याने पहिला प्रश्न तिला विचारावा, तोही एकटीला: तुला काय हवं आहे? उत्तर "काही नको, फक्त थोडा वेळ बसा" असं असू शकतं. "माझे दागिने आणि आधार कार्ड तुमच्याकडे ठेवा" असं असू शकतं. "मला आत्ताच्या आत्ता इथून घेऊन चला" असंही असू शकतं. तिच्या उत्तराच्या पुढे आपण जायचं नाही. आणि कोणी कळवलं, कोण काय म्हणालं, हे तिच्या नवऱ्यापर्यंत जाता कामा नये. बाई घर सोडायचं ठरवते तो काळ तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा असतो हे या क्षेत्रात काम करणारे सगळे सांगतात.

आता नवरात्राकडे येते. बडोद्यात राहून सुरक्षिततेवर लिहायचं आणि नवरात्राबद्दल बोलायचं नाही, हे शक्यच नाही.

आपल्या घरात घट बसतात, अखंड दिवा असतो, आणि रात्री घराबाहेर गरबा. वर्षातून नऊ रात्री या शहरात रात्री एक वाजता मुली चणिया-चोळी घालून स्कूटरवरून फिरतात. मैदानाबाहेर शेवउसळ खात उभ्या असतात. साठीच्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बारापर्यंत बसतात, चार वर्षांची पोरं त्यांच्या पायांत झोपतात. मी अठरा वर्षांची असताना आमच्या घरी संध्याकाळी साडेसातची मर्यादा होती, आणि त्याच वडिलांनी त्याच मुलीला नवरात्रात रात्री दीडला घरी येऊ दिलं. शहर तेच, पुरुष तेच. मग त्या नऊ रात्रींत काय बदलतं?

मी याचा पुष्कळ विचार केला आहे. रस्त्यावर दिवे असतात, तेही सरसकट, कोपऱ्यांतसुद्धा. दुकानं, गाडे उघडे असतात. पोलीस दिसतात. पण सगळ्यात मोठा फरक म्हणजे बायका स्वतः रस्त्यावर असतात, मोठ्या संख्येने, सगळ्या वयांच्या, आणि काही काम नसताना. त्या तिथे असणं हे कोणाला नवल वाटत नाही. एखाद्या मुलीच्या मागे कोणी लागलं तर ती कोणत्याही खुर्चीवरच्या काकींजवळ जाऊन उभी राहते. म्हणजे मुली आत कोंडून शहर सुरक्षित होतं हा आपला समज याच शहरात दर वर्षी नऊ वेळा खोटा ठरतो. बायका बाहेर पडल्या की रस्ता सुरक्षित होतो. उरलेल्या तीनशे छपन्न रात्री आपण उलटं वागतो.

आणि तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये, नवरात्र चालू असतानाच, शहराच्या कडेला भायलीजवळ एका अल्पवयीन मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. दिव्यांचा आणि माणसांचा परीघ जिथे संपतो, तिथे. त्यानंतर दोन दिवस मी आमच्या इमारतीत, भाजीवाल्याजवळ, नातेवाइकांच्या फोनवर जे ऐकलं ते विसरणार नाही. "इतक्या रात्री ती मित्राबरोबर तिथे कशाला गेली?" शिकलेल्या, भल्या बायका हे म्हणत होत्या. गुन्हा पुरुषांचा आणि जाब मुलीला. अशा प्रत्येक वाक्याने आपण आपल्याच घरातल्या मुलीला सांगत असतो की तुझ्यावर काही गुदरलं तर आम्हाला सांगू नकोस. ती ऐकत असते. ज्या मुलीने ते वाक्य आईच्या तोंडून ऐकलं आहे ती उद्या क्लासमधल्या सरांबद्दल किंवा काकांबद्दल आईशी बोलेल का?

समाजाने लक्ष घालावं असं मी म्हणते तेव्हा मला कमाटीबागेत बसलेल्या जोडप्यांना हटकणारे तरुण अभिप्रेत नाहीत, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. संस्कृतिरक्षणाच्या नावाने मुलीच्या घरचा नंबर मागणारे, तिचा मित्र कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा ते विचारणारे, हे सुरक्षिततेचं काम करत नाहीत. ते स्वतःच धाक घालतात. ओळखायची खूण सोपी आहे. ज्याच्या येण्याने त्या मुलीला हायसं वाटतं तो मदतीला आलेला. ज्याच्या येण्याने ती घाबरते, तो कोणत्याही झेंड्याखाली आला तरी त्रास द्यायलाच आलेला.

खोट्या तक्रारींचं काय, असंही विचारतात. काही खोट्या असतीलही, प्रत्येक कायद्याखाली असतात, आणि त्या निवडायला न्यायालय आहे. शेजाऱ्याने निवाडा करायचाच नाही. त्याने बेल वाजवायची आहे.

गेल्या वर्षी आम्ही एक काम केलं. जगात याला सेफ्टी ऑडिट म्हणतात. कॅनडातल्या टोरोंटो शहरात १९८९ साली बायकांनी अशी पाहणी केली आणि नंतर ती दिल्लीसह पुष्कळ शहरांत झाली. आम्ही त्याला नुसतं फेरी म्हणालो. रात्री साडेनऊला आम्ही बारा जणी बसस्टॉपपासून आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. त्यात रात्रपाळीला जाणारी एक नर्स होती, दोन घरी स्वयंपाक करून परतणारी बाई होती आणि चौथ्या मजल्यावरची ती मुलगीही होती, जी आता नोकरी करते. वही तिच्याच हातात दिली. अकरा दिव्यांपैकी तीन बंद होते. चौथा चालू होता, पण आसोपालवच्या फांद्यांनी तो पुरता झाकला होता आणि खाली गडद काळोख. तिथून रोज दुपारी स्कूटरवरून जाणाऱ्या मला तो काळोख माहीतच नव्हता. स्वयंपाकाच्या बाईंना माहीत होता. त्या म्हणाल्या, "मी इथे आले की फोनवर बोलल्यासारखं करते. फोनमध्ये बॅलन्स नसला तरी." बंद प्लॉटच्या भिंतीपाशी मुलं बाइक लावून बसतात, तिथे नर्सबाई रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातात, मग चौकात पुन्हा ओलांडतात. रोज दोनदा. नकाशावर हे कोणालाही दिसलं नसतं.

फांद्या छाटल्या गेल्या, दिवे लागले. प्लॉटच्या भिंतीपाशी आता एका आजोबांनी संध्याकाळी बाक टाकला आहे, तिथे तीन-चार म्हातारी माणसं बसतात. एवढंच. पण त्या फेरीत आणखी एक झालं, जे मी ठरवलं नव्हतं. परतताना स्वयंपाकाच्या बाईंनी हळूच विचारलं, की कामाच्या घरी साहेब अंगचटीला आला तर कोणाला सांगायचं असतं? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणारी बाईही येते आणि तिच्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते, हे मी वाचलेलं होतं. पण दिव्याच्या खांबाखाली उभं राहून ते सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. ती बाई पाच वर्षं माझ्याकडेही येत होती. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

पुरुषांबद्दल मी आतापर्यंत थोडंच बोलले, कारण बहुतेक लेखांत शेवटी "पुरुषांनाही सामील करून घ्यावं" असं एक वाक्य येतं आणि ते तिथेच विरून जातं. मला नेमकं सांगायचं आहे. मारणारा नवरा मंडळात असतो. तो गणपतीची वर्गणी गोळा करतो, गरब्याच्या मैदानात दोऱ्या बांधतो, क्रिकेट टीममध्ये असतो. त्याच्या घरात काय चालतं हे त्याच्या मित्रांना माहीत असतं. ते काय करतात? बहुतेक वेळा विषय बदलतात. फार तर, "वहिनींशी जरा सांभाळून घे" असं म्हणतात. त्यांच्यातल्या एकाने, ज्याचं तो ऐकतो अशा एकाने, त्याला बाजूला घेऊन सांगावं, की तू हात उचलतोस हे मला माहीत आहे, हे चालणार नाही, पुन्हा झालं तर मी स्वतः फोन करीन. अर्थात आधी त्या बाईला विचारून, कारण त्या वाक्याचा राग घरी जाऊन तिच्यावर निघू शकतो. आमच्या पोळमधल्या मावशी एकट्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने, भावाने, पोळमधल्या एकाही पुरुषाने त्या घराची कडी कधी वाजवली नाही, आणि म्हणून मावशींना वर्षानुवर्षं विरजण मागावं लागलं. बायकांच्या चतुराईवर भिस्त ठेवून पुरुष झोपी गेले. हे मला आज फार अन्यायाचं वाटतं, मावशींवरही आणि त्या बाईवरही.

आमच्या इमारतीत आता जिन्यापाशी आणि लिफ्टच्या आत १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन नंबर मराठी, गुजराती आणि हिंदीत लावले आहेत. लिफ्टमध्ये मुद्दाम, कारण तिथे बाई एकटी असू शकते आणि नंबर टिपून घेताना तिला कोणी बघत नाही. तीन घरांनी, त्यात एक आमचं, सांगून ठेवलं आहे की रात्री कधीही बेल वाजवा, कारण विचारणार नाही. वॉचमनच्या वहीतून मुलींच्या येण्याच्या वेळा लिहायचं बंद झालं. त्यासाठी सभेत पाऊण तास भांडावं लागलं, आणि सात मतांनी ते जमलं.

आमच्या मंडळाची नवरात्राची बैठक गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी असते. या वेळी मी तीन मागण्या घेऊन जाणार आहे. गरबा संपल्यावर मैदानातले आणि बसस्टॉपपर्यंतचे दिवे आणखी दीड तास चालू राहावेत, शेवटची मुलगी घरी पोचेपर्यंत. खुर्च्या लगेच उचलू नयेत, तेवढा वेळ काही मोठी माणसं, बाप्येसुद्धा, तिथे बसून राहावीत. आणि माइकवरून गाणाऱ्यांची, देणगीदारांची नावं सांगतात, तेव्हा दर रात्री एकदा १८१ सांगावा, आणि कोणत्या तीन घरांची बेल वाजवता येते तेही सांगावं. तिसऱ्या मागणीला विरोध होईल. सणासुदीला अशा गोष्टी कशाला, असं म्हणतील. मी नर्सबाईंना आणि चौथ्या मजल्यावरच्या मुलीला बरोबर घेऊन जाणार आहे. फेरीची वही तिच्याकडेच आहे.